नितेशला न सांगितलेली शर्यत

देवदत्त जेवताना ताटाकडे बघत नाही, ही गोष्ट क्षमाच्या डोक्यातून जाता जाईना. पोरगा जेवत नव्हता असं नाही. वाढलेलं सगळं मुकाट्याने संपवायचा, आमटीत मीठ पडलं नसलं तरी बोलायचा नाही, हात धुवायचा आणि परत लॅपटॉप उघडून बसायचा. तिशीला आलेला मुलगा. आजारी असता तर डॉक्टरकडे नेला असता. कुणी मुलगी सोडून गेली असती तर कुठून ना कुठून कानावर आलं असतं. ऑफिसात बढतीचं चाललंय, असं तो स्वतःच म्हणाला होता. पण बढतीची बातमी कुणी अशा आवाजात सांगतं का?

देवदत्त लहानपणापासून सरळ वळणाचा. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या कॉलनीत पोरं क्रिकेट खेळायची तेव्हा अंपायर म्हणून दोन्ही बाजूंना तोच हवा असायचा. आपल्याच गटातल्या मुलाला आऊट देताना त्याचं बोट अडखळायचं नाही. त्यापायी एकदा मार खाऊन घरी आला, तरी "आऊटच होता तो" एवढंच म्हणत राहिला. क्षमाला तेव्हा अभिमान वाटला होता. शाळेत शिकवणारी बाई ती. असा मुलगा आपल्या पोटी आला याचं तिला फार कौतुक होतं.

इंजिनीअरिंगला त्याला नितेश भेटला. नितेश भांडुपचा, घर मूळचं मालवणकडचं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी सिक्युरिटीची नोकरी धरली आणि दोन पोरांना शिकवलं. देवदत्त जितका अबोल, तितका हा बोलघेवडा. दोघं एकत्र अभ्यासाला बसले, एकत्र नापास होता होता वाचले आणि शेवटी अंधेरीच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत लागले. काम काय, तर व्यापाऱ्यांना, गोदामवाल्यांना नोंदी ठेवायची वेब ॲप्लिकेशनं बनवून द्यायची. ब्राउझरमध्ये स्क्रीन उघडते, माणूस माहिती भरतो, ती मागे डेटाबेसमध्ये जाऊन बसते; आणि स्क्रीन आणि डेटाबेस यांच्या मधलं सगळं जावा या भाषेत लिहिणारी ही मुलं.

शनिवारी दुपारी नितेश आला. बेल असताना दाराची कडी आपटायची त्याची जुनी खोड. आईने दिलेला घावनांचा डबा त्याने थेट ओट्यावर ठेवला.

"काकू, तुमचा मुलगा मौनीबाबा झालाय. ऑफिसात काही विचारलं की 'बघू' म्हणतो. परस्पर लग्नबिग्न ठरवलंत काय त्याचं?"

"तुला न विचारता ठरवेन का मी?"

"मग ठीक. मुलगी आधी मी बघणार. हा काय, दहापैकी मार्क देऊन मोकळा होईल."

क्षमा हसली. देवदत्त हसला नाही.

घावनं पानात पडल्यावर नितेश म्हणाला, "एक खबर आहे. पवईच्या एका कंपनीची ऑफर आलीय मला."

"अरे वा! आणि हे आत्ता सांगतोस?"

"सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. नाही म्हणणार आहे मी."

"का रे?"

"परवा साहेबांनी माझी स्क्रीन मोठ्या पडद्यावर लावली, काकू. सगळ्या टीमसमोर. म्हणाले, काम असं पाहिजे. इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा कुणी बोललं. आणि पवईला माझं आहे कोण? इथे हा आहे. उद्या काही वाट लागायची असली तर हा आधी सांगेल ना मला. काय रे देवा?"

देवदत्तने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ग्लास रिकामा होता.

"तुझं तू बघ," तो म्हणाला.

"ऐकलंत? मौनीबाबा बोलले!" नितेशने टाळी वाजवली आणि आणखी एक घावन वाढून घेतलं.

तो गेल्यावर क्षमा देवदत्तच्या मागोमाग त्याच्या खोलीत गेली. "एवढी चांगली ऑफर सोडतोय तो. घे, असं एका शब्दाने म्हणाला नाहीस."

"आई, दार लाव."

मग त्याने सांगितलं. आधी तुकड्यातुकड्याने, मग धबाधबा.

साहेबांनी, म्हणजे चंद्रप्रकाश सरांनी, त्याला केबिनमध्ये बोलावून एक नवं टूल तपासायला दिलं होतं. त्या टूलला डेटाबेसमधले तक्ते दाखवायचे, की ते माहिती भरायच्या, शोधायच्या, बदलायच्या स्क्रीन आपणच तयार करतं. मागचा जावा कोडही आपणच लिहितं. कंपनीने ते घ्यावं की नाही, याचा अहवाल देवदत्तने द्यायचा. सरांनी पद्धतही सांगितली. गोवंडीच्या एका घाऊक औषधवाल्याचं काम आलंय, दुकानांतून परत आलेल्या औषधांच्या नोंदीचं. ते देवदत्तने टूलवर करायचं आणि नितेशने नेहमीसारखं हाताने. मात्र नितेशला सांगायचं नाही. माणसाला कळलं की वेळ मोजतायत, की तो जास्त धावतो आणि आकडे खोटे येतात.

"मला ते पटलं, आई. पद्धत म्हणून बरोबरच आहे ते."

नितेशला वाटलं, नेहमीचं काम. म्हणून त्याने ते नेहमीपेक्षा मन लावून केलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी गोवंडीच्या गोदामात जाऊन उभा राहिला. तिथली माणसं एका हातात गोळ्यांची पाकिटं धरून दुसऱ्या हाताने टाइप करतात, हे त्याने पाहिलं. एकच खोका कधी अर्धा आज येतो, अर्धा पुढच्या आठवड्यात, हेही पाहिलं. परत आला आणि अर्धी बांधलेली स्क्रीन मोडून त्याने नव्याने मांडली. तो गोदामात होता तेव्हा इकडे टूलवरचं काम संपलंसुद्धा होतं.

"आणि तुझ्या स्क्रीनवर तो अर्धा खोका?"

"दोनदा भरावा लागतो. शिवाय तक्त्यात काही बदललं, की टूल सगळं परत तयार करतं आणि हाताने केलेली दुरुस्ती पुसून टाकतं. मी लिहिलंय हे. चौथ्या पानावर." तो थांबला. "वरच्यांनी पहिलं पान बघितलं. त्यावर वेळेचा तक्ता होता."

निर्णय झाला होता. टूल घ्यायचं, टीममधली बहुतेक माणसं कमी करायची, आणि राहिलेल्यांवर देवदत्तला नेमायचं. जाणाऱ्यांमध्ये पहिलं नाव नितेशचं, कारण मोजलेला वेळ त्याचाच होता. महिनाअखेरपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी देवदत्तकडून सही घेतली होती.

"मग परवा सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं ते?"

"ती स्क्रीन मला दाखवायला. तसंच टूलमध्ये बसव म्हणून. त्याच्याकडून काम पूर्ण होऊन हवंय ना त्यांना."

क्षमा पलंगावर बसली. आयुष्यभर तिने पेपर तपासले होते. "ज्याला परीक्षा आहे हेच सांगितलं नाही, त्याचा वेळ मोजत बसलात तुम्ही?"

"मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आई."

"नाही लिहिलंस. तो गोदामात जाऊन आला, ते लिहिलंस का?"

"त्याला रकाना नव्हता," तो म्हणाला.

"त्याला सांग. आत्ता फोन कर."

"सांगितलं तर मला काढतील. आणि दुसरीकडे कुठे गेलो, तिथून चौकशी आली, की हेच सांगतील, आतलं बाहेर फोडणारा माणूस म्हणून. कोण घेईल मला?"

"नितेश तुझं नाव सांगणार नाही."

"नितेश? त्याच्या पोटात काही राहतं का? तो तसाच उठून सरांच्या केबिनमध्ये जाईल आणि टेबलावर हात आपटेल."

हे मात्र खरं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. मार्तंडने वर्तमानपत्र खाली न ठेवता ऐकून घेतलं. "सही केलीय ना त्याने? मग तू मध्ये पडू नकोस. ते त्यांचं ऑफिस आहे. तुझी शाळा नव्हे."

रविवारी नितेशचा फोन आला. देवदत्तने वाजू दिला. परत आला, परत वाजू दिला. मग फोन उलटा ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या मैदानात काहीच चाललं नव्हतं, तरी तिकडे बघत राहिला. क्षमा दोनदा गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. मागे वळून तो तिला काही विचारेल, अशी तिला आशा होती.

सोमवारी सकाळी तो बूट घालत असताना तिने विचारलं, "आज सांगशील ना त्याला?"

"बघू."

"बघू म्हणजे? संध्याकाळी तो नाही कळवून मोकळा होईल."

"आई, मला कळतं ते." लिफ्टचं दार लागलं.

दुपारी तिने त्याला मेसेज केला. उत्तर आलं, "नको आई. तू पण काही करू नकोस. प्लीज."

तो 'प्लीज' तिने पुन्हा पुन्हा वाचला. देवदत्तने दार लावून घेऊन सांगितलेली गोष्ट तिने आजवर बाहेर नेली नव्हती. शाळेतल्या भांडणापासून कॉलेजातल्या मार्कांपर्यंत सगळं तिच्यापाशी राहिलं होतं, म्हणूनच तो सांगायचा. आज फोन केला तर तो पुन्हा दार लावणार नाही, काही सांगणारही नाही. कदाचित त्याची नोकरीही जाईल, आणि ती आईच्या हातून गेली असं तो जन्मभर म्हणेल. म्हणू शकेल, कारण ते खरंच असेल.

आणि नाही केला तर नितेश आजच्या आज पवईला नकार कळवेल. महिनाअखेरीला त्याच्या हातात इथलीही नोकरी राहणार नाही. मग कधीतरी त्याला कळेल, की देवदत्तला माहीत होतं. पाठोपाठ हेही कळेल, की काकूंना माहीत होतं.

ती मुलाचं भलं करायला निघाली नव्हती, हे तिला स्वच्छ दिसत होतं. देवदत्त मनातून आपल्याला कुणी मोडता घालावा म्हणून वाट बघतोय, अशी एक समजूत तिने सकाळपासून घोळवून पाहिली होती. ती आपल्या सोयीची आहे, हे कळून तिने सोडून दिली.

चहा करायला टाकलेलं पाणी आटलं. तिने गॅस बंद केला.

शेवंतीताईंना, नितेशच्या आईला, फोन करावा असं आधी मनात आलं. पण त्या घाबरतील, शेजारी गोळा करतील, आणि नितेशपर्यंत काय पोचेल कुणास ठाऊक. मेसेज तर नकोच. लिहिलेलं कुणीही कुणाला दाखवतं. बोलायचं ते नितेशशीच, आणि तोंडाने. संध्याकाळी देवदत्त आला की त्यालाही आपणच सांगायचं, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. मग तो काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

बोलायचं कसं, हे तिने ठरवलं. आधी म्हणायचं, ऑफिसात असशील तर उठून बाहेर रस्त्यावर ये. मग म्हणायचं, मी सांगते ते ऐक, आणि परत आत जाऊन कुणाच्या टेबलावर हात आपटायचा नाही, आधी पवईला होकार कळवायचा. एवढं कबूल करून घ्यायचं आणि मगच बाकीचं.

क्षमाने खुर्ची खिडकीपाशी ओढली, चष्मा लावला आणि नितेशचा नंबर लावला.