पाण्यातला नांगर

माझं माहेर मालवणकडचं आणि सासर ढाणकीच्या पुढे, पैनगंगेच्या काठचं. ही आवळ्याभोपळ्याची मोट बांधली ती सरकारनं. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि शेतकी खात्यातल्या एका वऱ्हाडी तरुणाची बदली थेट आमच्या वाडीत झाली. तो शेजारच्या घरात बिऱ्हाडाला होता. माझ्या वडिलांची छोटी शिडाची होडी होती. एका रविवारी त्यांनी या पाहुण्याला बेटं दाखवायला नेलं. पाहुण्याला जाताना दोनदा आणि येताना तीनदा उलटी झाली, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर त्यानं मला मागणी घातली. वडील म्हणाले, एवढं होऊनही ज्याला दुसरं काही सुचतं, तो माणूस खरा असणार.

खरा होताच. पण दोन वर्षांनी त्याची बदली पुसदला झाली. पुसदला खोली मिळेना, म्हणून नोकरी पुसदला, बायको गावाला आणि स्वतः शनिवारी संध्याकाळी, असा आमचा संसार सुरू झाला. मला याचा भयंकर राग आला होता. मी लहानपणापासून वडिलांबरोबर होडीत वाढले. कौलं आणि नारळ पोचवायला ते बेटाबेटांमधून जात, तेव्हा सुकाणू माझ्या हातात असे. दुपारी एखाद्या बेटाच्या आडोशाला होडी उभी करून आम्ही भात खायचो, आणि वडील पाण्याकडे बघत तासभर एक शब्द बोलायचे नाहीत. तशी मुलगी आता चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी थापत होती, आणि ती भाकरी दर वेळी मधोमध फाटत होती. सासूबाई रागवायच्या नाहीत. "फाटली त फाटली, कुस्करून खाऊ," म्हणायच्या. त्याचाही मला राग यायचा.

गावातली बोली मला निम्मी कळत नसे. 'काहून' म्हणजे का, हे कळायला मला आठवडा लागला. मग मी बोलणंच बंद केलं. विचारलं तेवढ्याला मान हलवायची, बस्.

बोलावं लागायचं ते फक्त सासऱ्यांशी. तिकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणायची. उंच, काळेसावळे, मोठ्या पंजांचे. दर बाजारच्या दिवशी ते ढाणकीहून एक पेपर आणायचे आणि ओसरीवर माझ्यापुढे ठेवायचे. "वाच व पोरी. काय म्हनते जग?" मी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची. ते मध्ये मध्ये थांबवायचे, "मंग? पुढं काय झालं?" मी मनात म्हणायची, एवढी शेतीवाडी आणि घरधन्याला अक्षर येत नाही. आपण किती शिकलेल्या, याचाही थोडा ताठा होताच म्हणा.

त्या ताठ्यातच मी पुढचं धाडस केलं. दसऱ्याच्या आधी वडिलांना साधं उघडं कार्ड लिहिलं: 'इथे पाणी नाही, मासे नाहीत, माणसं बोलतात ते कळत नाही. मला करमत नाही. दिवाळीचं निमित्त करून या आणि मला कायमची घेऊन जा.' पैनगंगा घरापासून हाकेच्या अंतरावर वाहत होती, पण तिला पाणी म्हणायला मी तयार नव्हते. कार्ड मामाजींच्याच हातात दिलं. "खुशालीचं आहे," म्हटलं. त्यांनी ते बंडीच्या खिशात ठेवलं आणि बाजारला गेले.

दसरा होऊन चार दिवस झाले नाहीत तो वडील दारात हजर. खांद्यावर सुक्या मासळीची पिशवी. तिच्या वासानं गल्लीतली सगळी मांजरं मागे आली होती. दिवाळीला न्यायला आलो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मला एकटीला गाठून हळूच म्हणाले, "पत्र गावला. आठ दिस रवतंय. मगे बघूया."

आठ दिवस कशाला? मी तर ट्रंक भरून तयार होते. पण वडिलांना उलट विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी व्याह्यांना नदी दाखवायला नेलं, आणि तिथे वडिलांना डोंगा दिसला. आमचं एक वावर पलीकडच्या बेटावर होतं, तिथला माल आणायला मामाजींनी पूर्वी सागाच्या फळ्यांचा डोंगा करून घेतला होता. तो आता काठावर उपडा पडला होता. वडिलांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग धोतर खोचलं. फळ्यांच्या फटींत त्यांनी जवसाच्या तेलात भिजवलेला कापूस ठासून भरला, वर राळ लावली. बांबूची डोलकाठी उभी केली. शिडाला सासूबाईंनी आपली जुनी पासोडी काढून दिली. "पाह्य बाप्पा, आता मायी पासोडी हवा खाऊन राह्यली," असं म्हणून त्या काठावर बसून पोटभर हसल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

गंमत अशी, की पैनगंगा वाहते पूर्वेकडे आणि वारा सुटला होता पूर्वेचा. म्हणजे वर जायला शीड आणि खाली यायला नदी. वडील म्हणाले, अशी सोय दर्यात नाय. ते शिडापाशी, मी सुकाणूवर आणि मामाजी पुढच्या टोकाला दोन्ही कडा घट्ट धरून, अशी आमची पहिली फेरी निघाली. वर एकापुढे एक चार बेटं होती. पहिलं गवताचं, दुसरं आमच्या वावराचं, बाकीची दोन नुसती झाडाझुडपांची. दुसऱ्या बेटाशी वडिलांनी दोराला धोंडा बांधून पाण्यात सोडला. तळ गुळगुळीत खडकाचा आणि गोट्यांचा. धोंडा घसरत गेला, त्याच्या मागे आम्ही, आणि शेवटी तिघंही एका करंजाच्या झुडपात शिरलो. मामाजींच्या पागोट्यात डहाळी अडकली ती घरी येईपर्यंत तशीच होती.

रात्रीच्या जेवणाआधी वडिलांनी विचारलं, "व्याही, तुमच्याकडे नांगर आसा काय?"

"हाये ना जी," मामाजी म्हणाले. "एक सोडून दोन हायेत."

"लोखंडी?"

"एक लाकडी, एक लोखंडी."

"लोखंडी होयो. उद्या पाण्यात टाकूक."

मामाजींनी हातातला घास परत ताटात ठेवला. "पाण्यात?"

"पाण्यात नाय तर खंय?"

मला दोन्हीकडचं कळत होतं. एका शब्दानं उलगडा झाला असता. पण मी न बोलण्याचा वसा घेतला होता, आणि खरं सांगायचं तर मला पुढची गंमत बघायची होती.

सकाळी आम्ही काठावर गेलो, तर मामाजी आधीच तिथे. बैलबंडीत लोखंडी नांगर, त्याला ताजं हळदकुंकू, आणि बाजूला एक सोडून दोन बैलजोड्या. ते गंभीरपणे वडिलांना म्हणाले, "तुमच्याइकडं धानासाठी पाण्यातच नांगरतेत, हे मले ठाऊक हाये. आमचे बैल पोहतेत, इवाई. पण पोहता पोहता वढतीन काय, हे काही सांगता येत नाई."

वडिलांनी नांगराकडे पाहिलं. बैलांकडे पाहिलं. मग ते मटकन खाली वाळूत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. हसता हसता मला बोलावं लागलं, समजावून सांगावं लागलं: होडी एका जागी धरून ठेवतो त्यालाही आमच्याकडे नांगरच म्हणतात. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग बराबर हाये. दोन्ही जमीनच धरतेत." बैल त्यांनी परत पाठवले. नांगर ठेवून घेतला.

आणि तो चालला की. मोटेचा जुना नाडा त्याला बांधला. दोघा व्याह्यांनी तो उचलून पाण्यात सोडताना मामाजींनी हात जोडले. नांगरानं गोट्यांत फाळ रोवला, नाडा ताठ झाला, डोंगा एक झोका घेऊन प्रवाहाकडे तोंड करून थांबला. "धरता हां," वडील म्हणाले. एवढी स्तुती त्यांनी माझ्या नवऱ्याचीही कधी केली नव्हती.

पुढचे दिवस आम्ही रोज निघत होतो. वारा पडला की वल्हं मारायचं, वारा आला की पासोडी सोडायची. कोणत्या बेटाच्या कुठल्या अंगाला पाणी संथ असतं, कुठे खडक वर आलाय, हे मला हळूहळू पाठ झालं. तिसऱ्या बेटाच्या मागे एक शांत डोह होता. तिथे नांगर टाकून आम्ही भाकरी, ठेचा आणि सुकी मासळी खायचो. मामाजींनी पहिल्या दिवशी मासळी नाक धरून खाल्ली, तिसऱ्या दिवशी मागून घेतली. मग दोघं म्हातारे पाण्याकडे बघत तासभर गप्प बसायचे. माझ्या वडिलांबरोबर असं गप्प बसता येणारा दुसरा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शनिवारी नवरा आला, डोंग्यात बसला आणि त्याला इथेही उलटी झाली. नदीत. मला त्याचा राग टिकवून धरणं फार जड गेलं.

आठव्या दिवशी आम्ही त्याच डोहात होतो. मामाजी पुढे पाठ करून बसले होते. निघायची वेळ झाली तेव्हा वडिलांनी नाड्याला हात घातला आणि उचलता उचलता थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय गो बाय, नांगर उचलूचो की रवांदे?"

ते डोंग्याचं बोलत नव्हते. ट्रंक भरलेली होती. मी 'उचला' म्हटलं असतं तर ते मला कायमची घेऊन गेले असते, आणि उभ्या जन्मात एका शब्दानं कुणाला दोष दिला नसता. पण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सीतादही होतं. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी झाडाला दहीभात वाहतात, ते. सासूबाईंनी दही लावायचं काम मला दिलं होतं, आणि मी ते सकाळीच लावून आले होते.

"राहू द्या," मी म्हटलं. "मले उद्या सीतादही करायचं आहे. मग दिवाळीपुरती येते मी. भाऊबीज झाली की परत."

'मले' तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं. वडील गालात हसले. मामाजींनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त डोक्यावरचं पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं. त्याला त्यांना बराच वेळ लागला.

सीतादही करून आम्ही निघालो. ढाणकीच्या थांब्यापर्यंत मामाजी पोचवायला आले. व्याह्यांसाठी तुरीची डाळ, माझ्यासाठी एक शब्द नाही. मोटार सुरू झाली तसं वडिलांनी कोटाच्या आतल्या खिशातून माझं कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या मजकुराखाली, उरलेल्या जागेत, वेड्यावाकड्या जाड अक्षरांत आणखी तीन ओळी होत्या.

'सून खरं लिहून राह्यली. तिले इथं करमत नाई. तुमी या. पन आठ दिवस राहा, मंग तिले इचारा. ती म्हनन तसं.'

मी ते दोनदा वाचलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. मामाजी थांब्यावरच उभे होते. मोटार लांब गेली असं समजून त्यांनी बंडीच्या खिशातून नवा पेपर काढला होता, आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचत होते.