नांदेड ते उदगीर, आक्काच्या उंचीच्या सीटवरून

पुण्याच्या होस्टेलात माझ्या खोलीतले तिघंही सुट्टी लागली की सायकली काढतात आणि घाट उतरून कोकणात जातात. परत आले की महिनाभर दुसरं बोलणंच नाही. एका हाताला समुद्र, एका हाताला माड, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग मला विचारणार, "तुमच्या निजामाच्या मुलखात काय आहे रे? ज्वारी?" आपल्या होस्टेलच्या हस्तलिखित मासिकात त्यांचं कोकण दोनदा येऊन गेलं. ह्या वेळी माझं घ्या. समुद्र नाही, आधीच सांगतो. ज्वारी आहे.

निघायचं कारण म्हणजे एक पत्र. माझी थोरली बहीण, आक्का, उदगीरला दिलेली. दाजी तिथं सरकारी शाळेत मास्तर. आक्काला बघून मला तीन वर्षं झाली होती. सुट्टीत नांदेडला घरी आलो आणि बुधवारी तिचं पत्र पोचलं. "दिगू, ह्यांची बदली रायचूरला झाली. येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघतो. तिथनं माहेर लई लांब पडतं, परत कधी येणं होईल सांगता येत न्हाई. त्याच्या आधी ये. सायकल घेऊन ये. मला एक फेरी मारायची हाय."

ह्या एका फेरीचं सांगायला पाहिजे. मी बारा वर्षांचा होतो, आक्का सोळाची. वडलांची सायकल तिनं पहाटे अंगणातून उचलून बाहेर काढायची, चाकांचा आवाज व्हायला नको म्हणून. मग आम्ही गोदावरीच्या कडेच्या रस्त्यानं. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून ती दांड्यावरून पाय टाकायची आणि मी मागं कॅरिअर धरून पळायचो. महिनाभरात ती पुढं निघून जायला लागली आणि मी नुसताच पळून राहिलो. वळणावर थांबून म्हणायची, "एक दिवस ह्या सायकलीवर लांब जाऊ. जिथं रस्ता संपतो तिथवर." मग कुणीतरी बघितलं, कुणीतरी आईला सांगितलं, आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. तेव्हापासून तिनं हँडलला हात लावला नाही.

पत्र वाचून मी सरळ सायकल दुरुस्त करणाऱ्या उस्तादांकडे गेलो. मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी बांधून घेतली, लुगडं अडकू नये म्हणून. आणि म्हटलं, सीट खाली घ्या.

"कितनी?"

मी हातानं दाखवलं.

"ये तो बच्चे की हुई, मियाँ."

"आक्काची हाय."

उस्तादांनी पाना उचलला. नट गंजलेला. चिमणीवर तापवून, तेल सोडून, दोघांनी जोर लावल्यावर कुठं फिरला. "अब रास्ते में नहीं खुलेगा," ते म्हणाले. "घुटने बोलेंगे तुमारे."

आई म्हणाली, "रेल्वेनं जा की. उद्या पोचशील."

"तिनं सायकल मागवली."

"मग सायकल रेल्वेत घाल. मागं गार्डाच्या ब्रेकच्या डब्यात न्हेतात की."

"त्यात काय मजा?"

हे मी म्हटलेलं आहे म्हणून लिहून ठेवतो. हिशोब मी मनातच केला: रविवार यायला चार दिवस होते. गुरुवारी निघायचं, शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचायचं, रविवारी पहाटे आक्काला फेरी मारू द्यायची, मग गाडी. तीन दिवसांचा रस्ता. तीन दिवस मला वहीत लिहायला पण पाहिजे होते.

गुरुवारी दिवस उगवायच्या आत नदीवर आलो. हिवाळ्यात पाणी कमी असतं, पण सायकल खांद्यावर घेऊन उतरण्याइतकं नाही. नावेनंच पलीकडं जा. नावाडी म्हणाला, "सायकलीचं येगळं पडंल."

"ती काय माणूस हाय?"

"बसून तर राह्यली की माझ्या नावंत."

पलीकडनं लोह्यापर्यंत सारा कच्चा रस्ता. जाणाऱ्यांसाठी सांगतो: मधोमध चालवू नका, बैलगाडीच्या चाकोरीत चाक घाला. चाकोरी दाबलेली असते, तिच्यात सायकल आपोआप पळते. मात्र समोरून गाडी आली तर तुम्हीच उतरायचं, बैल उतरत नाहीत. दोन्ही बाजूंनी ज्वारी निसवलेली, वर थंडीचं कोवळं ऊन. मैलाच्या दगडांवर उर्दू आकडे आहेत; वाचता येत नसले तर कुणालाही विचारा, आणि तो सांगेल त्यात अर्धा कोस स्वतःचा घाला. दोन तासांत मला एक टांगा, तीन गाड्या आणि डोक्यावर सरपण घेतलेल्या बाया भेटल्या. बाकी मी आणि माझे गुडघे. सीट इतकी खाली की पायडल वर आलं की गुडघा थेट हँडलला लागायचा. दर वेळी लागला की आक्का आठवायची, म्हणजे दिवसभर.

लोह्यात गरम भजी आणि चहा मिळतो, निजामाच्या हाली नाण्यातल्या दोन आण्यांत पोट भरतं. तिथून कंधारचा रस्ता जरा चढाचा आहे, पण शेवटच्या वळणावर किल्ला दिसतो आणि मग तुम्ही दमलात हे विसरता. धर्मशाळेत जागा मिळाली. अंथरूण आपलं न्या.

आता कंधारचं. किल्ल्याला पाण्यानं भरलेला खंदक आहे, आणि गावाला एक जुना तलाव, इतका मोठा की म्हातारी माणसं त्याला समुद्र म्हणतात. मी कोकणवाल्यांना दाखवायला वही काढली. शुक्रवारी सकाळी नुसतं बघून पुढं निघायचं ठरलं होतं. पण वारा सुटला, पाण्यावर बारीक बारीक लाटा उठल्या आणि काठाच्या दगडांवर फुटायला लागल्या, खऱ्यासारख्या. पोरं धडाधडा उड्या मारत होती. एक धोबी पाय पाण्यात सोडून बसला होता, बिडी ओढत.

मी म्हटलं, "आज सारं गावच पाण्यावर दिसतंय."

"सुट्टी न्हाई का आज," तो म्हणाला. "साळा बंद, कचेरी बंद."

मी "हाव" म्हणून मान डोलावली आणि कपडे काढून पोहायला गेलो. दुपारी वहीत चार पानं लिहिली. जमिनीच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ कुठून येते, असं काहीतरी. बरं लिहिलं होतं. संध्याकाळी किल्ल्याच्या भिंतीवरून सूर्य पाण्यात उतरताना बघितला. वाटलं, हे आक्काला सांगायचं. तिला म्हणायचं, रस्ता संपतो ती जागा बघून आलो.

शनिवारी कंधार ते जळकोट ते उदगीर, हा ह्या प्रवासातला सगळ्यात निवांत रस्ता आणि सगळ्यात वाईट पण. माळरान, मधूनच बाभळी, आणि बाभळी म्हणजे काटे. पंक्चरचं सामान, पंप आणि पाणी ह्यांच्याशिवाय इकडं येऊच नका. जळकोटच्या अलीकडं मागचं चाक बसलं. शेजारच्या शेतात एक शेतकरी आणि त्याची कारभारीण हुरडा भाजत होते. त्यांनी हाका मारूनच मला बोलावलं.

"कोन गावचं?"

"नांदेड."

"ह्याच्यावर?" त्यांनी सायकल खालून वर बघितली. "खरं सांग, घरून भांडून आलास ना?"

"न्हाई, बहिणीकडं चाललो उदगीरला."

"रेल्वे न्हाई का?"

"हाय की."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कारभारणीनं माझ्या ओंजळीत हुरडा ओतला, वर लसणाची चटणी. "खा लेकरा. बहिनीला लई दिसानी भेटून राह्यलास वाटतं."

"तीन वर्षांनी."

"मग बसून काय राह्यला? ऊठ की!"

हे ऐकून मी पंक्चर कसंबसं काढलं आणि निघालो. पुढचे आठ कोस कसे गेले विचारू नका. उदगीरचा किल्ला दिसला तेव्हा गुडघे माझे नव्हतेच.

मास्तरांचं घर विचारत विचारत गेलो. दाराला कुलूप. बाजूच्या ओट्यावर एक बाई डाळ निवडत होत्या. आक्काच्या पत्रांतून मला त्या ठाऊक होत्या, काशव्वा. उदगीरला अर्धं बोलणं कानडी असतं.

"होद्रु," त्या म्हणाल्या. गेले. मग माझ्याकडं नीट बघून, "तू दिगू काय? बा तम्मा, ये भावा, बस. काल सकाळीच गेले रे."

"काल कसे? सुट्टी तर उद्या हाय."

"उद्या कशाची सुट्टी? सुट्टी म्हंजे शुक्रवार." त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "कुठं राहतोस तू?"

निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना, शाळांना सुट्टी शुक्रवारी. मी नांदेडात जन्मलो, शुक्रवारी सुट्टी घेऊनच मोठा झालो. दोन वर्षं पुण्यात काय राहिलो, माझ्या डोक्यात रविवार जाऊन बसला. धोबी बोलला ते मी कानानं ऐकलं होतं. आक्काची गाडी ज्या सकाळी गेली त्या सकाळी मी कंधारच्या पाण्यात पाठीवर तरंगत होतो.

काशव्वा सांगत होत्या. आक्का गुरुवारी दुपारपासून नाक्यावर जाऊन उभी राहिली होती. शुक्रवारी पहाटे पुन्हा नाक्यावर गेली. सायकलीची घंटी वाजली की वळून बघायची. "एक पोस्टमन गेला, एक दूधवाला गेला. शेवटी टांगा आला, मास्तर ओरडायला लागले. मंग गेली."

"रडली?"

"न्हाई. हसून म्हनली, त्याला सारखं थांबायला आवडतंय वाटेत."

काशव्वांनी मला फडक्यात बांधलेले धपाटे दिले, आक्कानं केलेले. आणि घडी घातलेला एक कागद. "तू येशील तर द्यायला सांगितलं. मला वाचायला येत न्हाई, पन ती हे लई दिवस लिहून राह्यली होती. पान्याला जायची दोन घागरी घेऊन, यायची दीड-दोन घंट्यानं. आम्ही इचारायचो, कुठं जातीस ग? म्हनायची, रस्ता बघून आले."

कागद मी जसाच्या तसा देतो. उदगीरला सायकल घेऊन जाणाऱ्याला ह्याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही.

"किल्ल्यामागची वाट. सकाळी कुणी नसतं. एक मोठा धोंडा हाय, डाव्या अंगानं घ्यावा.

स्टेशनपलीकडं उतार. पाय सोडून देता येतील. खाली नाला, ब्रेक बघून.

हत्तीबेटाचा रस्ता. दुसऱ्या मैलापर्यंत चालत गेले हाय, तिथून परतले, दिवे लागायची वेळ झाली. पुढं चिंचा दिसतात. पुढं कसा हाय ते म्हाईत न्हाई."

ह्यातल्या एकाही रस्त्यावर ती सायकलीनं गेलेली नाही. सगळे चालून बघितलेले, घागरी कडेला ठेवून.

रात्री काशव्वांच्या ओट्यावर झोपलो. रविवारी पहाटे, जी मी तिच्यासाठी राखून ठेवली होती, सायकल काढली. धोंडा डाव्या अंगानं घेतला. स्टेशनमागच्या उतारावर पाय सोडले; नाला खरंच येतो, एकदम येतो. मग हत्तीबेटाचा रस्ता. दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी उतरलो. इथून ती परत फिरायची. पुढं चिंचांची सलग रांग आहे, दोन्ही बाजूंनी, मग जरासा चढ, मग बेट दिसतं, मोठमोठ्या दगडांचं, खरोखर बसलेल्या हत्तीसारखं. मी कागद दगडावर ठेवून पेन्सिलीनं तिच्या ओळीखाली लिहिलं: पुढं चांगला हाय.

परत रेल्वेनं आलो, सायकल ब्रेकच्या डब्यात. परळी, परभणी, पूर्णा करत. दुसऱ्या दिवशी नांदेड. आई म्हणाली त्याप्रमाणंच, काही त्रास होत नाही.

दारात आईनं विचारलं, "भेटली?"

मी धपाट्यांचं फडकं तिच्या हातात दिलं. तिनं ते नाकाला लावलं आणि आत गेली. मजेबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कंधारची चार पानं मी फाडली. वाईट नव्हती, पण शुक्रवारची होती. आक्काचा कागद मी नकलून घेतला आणि मूळचा, माझ्या एका ओळीसकट, रायचूरच्या पत्त्यावर धाडला. खाली विचारलं, तिथले रस्ते कसे हायेत?

परवा उस्तादांकडे गेलो, टायर बदलायला. त्यांनी सायकल उलटी केली, जाळी बघितली, एक दोरासुद्धा तुटला नव्हता. मग माझं चालणं बघितलं.

"सीट ऊपर लूं?"

उस्तादांनी चिमणी पेटवलेली होती. नटाला तेल सोडायला हात पुढं केलेला होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "अजून तिनं चालवली न्हाई."