थांबाबाईंचा मोठा श्वास

आमच्या रेडिएशन विभागात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. सव्वीस वर्षं पेशंटना "छाती भरून श्वास घ्या, थांबा... सोडा" असं सांगता सांगता बाईंचं नावच थांबाबाई पडलं. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, फक्त कबूल करत नाहीत. मला त्या 'फिजिक्स' म्हणतात. किरणांचा डोस कुठे, किती द्यायचा ते मी आखायचं आणि पेशंटला टेबलावर नीट झोपवून तो त्यांनी द्यायचा. यात श्रेष्ठ कोण, यावर आमचं अकरा वर्षं भांडण चालू आहे.

नवीन मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त नाक त्यांनीच मुरडलं. जुन्या मशीनवर पेशंटच्या अंगावर शाईच्या खुणा करायच्या, त्या लेसरच्या रेषांशी जुळवायच्या आणि आतली गाठ जागेवर असेल असं धरून चालायचं. यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. नव्यात एमआरआय आणि किरणांचं यंत्र एकातच. उपचार चालू असताना गाठ पडद्यावर हलताना दिसते. तिच्याभोवती आम्ही आधीच रेघ आखून ठेवतो. गाठ रेघेच्या आत असली की किरण चालू, बाहेर गेली की आपोआप बंद.

"म्हणजे मी आता नुसती लोकांच्या खिशातल्या किल्ल्या काढून घ्यायला?" बाईंनी विचारलं.

आत मोठं लोहचुंबक असल्यामुळे तेही काम होतंच, म्हणून मी हो म्हणालो. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग ड्रायव्हरकाका आले. बस चालवून निवृत्त झालेले, गाठ स्वादुपिंडात, आतड्याला अगदी खेटून. जुन्या मशीनवर एवढा डोस दिला असता तर आतडं भाजलं असतं. अशा लोकांना इतकी वर्षं आम्ही हात जोडून परत पाठवत होतो. आता पाच दिवस, पाच डोस, असं ठरलं.

पहिल्या दिवशी काका दीड तास आत होते. किरण चालू व्हायचे, लगेच बंद पडायचे. दुसऱ्या दिवशी तर अर्ध्यावर सोडून द्यावं लागलं. मी फाईलमध्ये लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.' हे वाक्य माझ्या हातून फार सहज उतरतं, त्याची आज लाज वाटते. डॉक्टर काकांना म्हणाल्या, "उद्या नाही जमलं तर थांबवूया. उगाच तुमचे हाल नकोत." थांबवल्यावर पुढे काही शिल्लक नाही, हे काकांना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी केसातल्या पिना काढून माझ्या हातात दिल्या.

"किरण बंद ठेवा, फक्त चित्र लावा. मी आत झोपतेय."

"कशाला?"

"त्या माणसाचं आत काय होतं ते मला बघू दे. माइकवर तुम्ही बोला. माझंच वाक्य बोला, जसंच्या तसं."

मी बोललो, "छाती भरून श्वास घ्या, थांबा." पडद्यावर बाईंचं मूत्रपिंड चांगलं दोन बोटं खाली सरकलं. पुन्हा सांगितलं, तर आणखी खाली. मी ते माइकवर बाईंना सांगितलं. मग आतून आवाज आला, "फिजिक्स, काकांचं पहिलं स्कॅनिंग झालं तेव्हा मी रजेवर होते. त्या दिवशी त्यांना काय सांगितलं होतं?"

मी नोंद काढली. 'साधा श्वास घ्या, थांबा.' रेघ त्या साध्या श्वासावर आखलेली होती. आणि दोन दिवस बाई सवयीने छाती भरून घ्यायला सांगत होत्या. माझ्या कानांनाही ते वाक्य इतकं सरावाचं, की मला काही खटकलंच नाही. काका बिचारे जीव तोडून ऐकत होते, आणि जितकं ऐकत होते तितकी गाठ रेघेबाहेर जात होती.

मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "फाईलमध्ये 'सूचनेत बदल' असं लिहू."

"बदल कसला डोंबलाचा? चूक लिहा. माझी म्हणून लिहा."

मी लिहिली, आणि तिच्या खाली माझीही. ही बाई मला किती आवडते, ते तिला आजवर सांगितलेलं नाही. इथेच सांगून टाकतो.

दुपारी काकांना साधा श्वास घ्यायला सांगितला. गाठ रेघेच्या आत जाऊन गपगुमान बसली. अर्ध्या तासात डोस पूर्ण झाला. काका उठून बसले आणि गोंधळून म्हणाले, "आज तर मी काहीच केलं नाही हो!"

बाई तडक बाहेर गेल्या. काकू दाराकडे डोळे लावून बाकावर बसल्या होत्या.

"आज सगळं झालं," बाई म्हणाल्या. "यांचं काही चुकत नव्हतं. श्वास मीच चुकीचा सांगत होते. माफ करा मला."

काकू बाकावरून उठल्या. "मी घरी घड्याळ लावून त्यांच्याकडून मोठा श्वास धरून घेत होते," त्या म्हणाल्या. "काल दमले, नको म्हणाले, तर मी चिडले. म्हटलं, तुम्हाला जगायचंच नाहीये." आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

काका सदऱ्याची बटणं लावत मागे येऊन उभे राहिले होते.

"जगायचंय गं," ते म्हणाले. "उद्या किती वाजता यायचं, ते विचार त्यांना."