मोराचा व्हॉल्व आणि भिंतीवरचं पत्र

सेट टेबलावर उघडा पडला होता आणि स्वामीराव समोरच्या स्टुलावरून हलायला तयार नव्हते.

"काय गेलं, माधवा?"

"आऊटपुट व्हॉल्व, काका."

व्हॉल्व म्हणजे छोट्या दिव्यासारखी काचेची नळी. पन्नासच्या दशकात रेडिओत अशा पाच-सहा नळ्या असत. आऊटपुटची गेली की डायल उजळते, स्टेशन लागल्याचं दाखवणारा हिरवा डोळा पेटतो, पण स्पीकर मुका.

कुंभकोणमच्या त्या दुकानात मी मेकॅनिक होतो. स्वामीराव जवळच मेलकावेरीला राहत, हायस्कुलातून रिटायर झालेले मास्तर. आमच्यासारखेच तंजावरी मराठी. रस्त्यावर तमिळ, माझ्याशी मराठी. त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांची मुलगी रुक्मिणी तिरुची केंद्रावरून अभंग म्हणणार होती. पहिल्यांदाच, पंधरा मिनिटं. आणि आज मंगळवार होता.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सेटवर पितळेचा मोर होता, म्हणून सगळे 'मोर'च म्हणत. काय देखणा सेट! आरशासारखं पॉलिश केलेलं लाकूड, डायलच्या काचेवर लंडन आणि कोलंबोची नावं. स्वामीराव रोज सकाळी आंघोळ झाल्यावर तो उपरण्यानं पुसत. त्यांचा टॉर्च मोराचा, इस्त्री मोराची, घरातले बल्बसुद्धा मोराचे.

"मोराचा व्हॉल्व मद्रासहून येईल. आठ दिवस लागतील," मी म्हणालो. "दुसऱ्या कंपनीचा आहे माझ्याकडे. नंबर तोच, पिना त्याच, काम तेच."

"मला मोराचाच होणा." आमच्या घरगुती मराठीत 'पाहिजे'ला 'होणा' म्हणतात.

"मग शुक्रवारी काय करणार? शेजारी जाऊन ऐका."

"शेजाऱ्याचा तो डबा? त्यात माझ्या पोरीचा आवाज ऐकू? त्यापेक्षा नाही ऐकत."

त्यांनी खरंच ऐकलं नसतं. मालकांना आम्ही मुदलाळी म्हणायचो. ते गल्ल्यावरून तमिळमध्ये म्हणाले, "मास्तरांना समजावून सांग आणि दुसरा बसव." समजावून सांगणं मला जमलं नाही. दुसरं जमलं.

व्हॉल्वच्या काचेवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. ती शाई कच्ची. स्पिरिटचा बोळा फिरवला की काच कोरी. बुधवारी मी ते केलं. मोराचं एक रिकामं खोकं ड्रॉवरमध्ये होतं. गुरुवारी स्वामीरावांसमोर त्या खोक्यातून व्हॉल्व काढला आणि बसवला.

"मद्रासहून लवकर आला," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

त्या मुलीसाठी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं. माझ्या टेबलावरचा सेट मुका राहिलेला मला सहन होत नसे.

शुक्रवारी त्यांच्या ओट्यावर निम्मी गल्ली जमली. रुक्मिणीचा आवाज स्वच्छ आला. स्वामीराव हिरव्या डोळ्याकडे बघत राहिले. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "हा मोराचा आवाज."

पुढच्या आठवड्यात त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. मोत्यासारखं अक्षर. मोराच्या अस्सल व्हॉल्वमुळे मुलीचं गाणं कसं ऐकता आलं आणि आमच्या दुकानानं तो कसा तातडीनं मिळवला, हे सगळं. कंपनीनं आम्हाला एजन्सी दिली आणि ते पत्र फ्रेम करून पाठवलं, वर रंगीत मोर छापून. मुदलाळींनी ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं.

दोन वर्षं ते मला बघत होतं.

एकदा पापनाशम्‌चं एक गिऱ्हाईक मोर घ्यावा की दुसरा, या घोळात होतं. स्वामीराव टॉर्चसाठी सेल घ्यायला आले होते. त्यांनी त्या माणसाला हाताला धरून फ्रेमपाशी नेलं, पत्र वाचून दाखवलं. "मी साक्षीला आहे. घ्या." त्यानं मोर घेतला. तो गेला आणि मला पुढे रेटवेना. मी सगळं सांगून टाकलं.

स्वामीराव स्टुलावर बसले.

"तो व्हॉल्व अजून चालतो?"

"चालतो."

"पोरीचं गाणं त्यानंच ऐकवलं?"

"हो."

"गल्लीला मी सांगितलं मोरानं ऐकवलं म्हणून. आत्ता त्या माणसालाही. मला खोटं पाडलंस, माधवा." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "उद्या घरी ये. तो काढ, मोराचा घाल."

चांगला चालणारा व्हॉल्व मी काढला. फेकायला गेलो तर त्यांनी हात पुढे केला. ती कोरी नळी उपरण्याच्या टोकाला बांधून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. इतका एकनिष्ठ माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मोराशीही, आणि त्या बिननावाच्या काचेशीही.

मग दुकानात येऊन म्हणाले, "फ्रेम उतरव." काच काढून त्यांनी पत्राखाली त्याच अक्षरात लिहिलं: त्या दिवशी व्हॉल्व दुसऱ्या कंपनीचा होता, हे मला नंतर कळलं. खाली सही. "आता लाव."

एजन्सी जाणार, मुदलाळी मला काढणार, हे धरूनच मी खिळा ठोकला. मुदलाळींनी फ्रेम सरळ आहे का तेवढं बघितलं. कंपनीचे साहेब आले, तिच्यासमोर कॉफी पिऊन गेले. आज मी पन्नाशी ओलांडली, दुकान माझ्याकडे आहे, फ्रेम तिथेच आहे. गिऱ्हाइकं अजून तिच्यासमोर थांबतात, मोराला हात लावून बघतात आणि सेट मागतात. खालची ओळ आजवर कुणी वाचलेली नाही.