पाटलाचा न्याव

पाटलाच्या गड्यानं माजी भरलेली घागर पालथी केली. काखंतलं पोर किंचाळलं. तोंड मीच उघडलं हुतं, व्हय. पण उघडायचं हुतं त्या उपदेशकानं!

इंदापुराकडनं दर आइतवारी सुवार्ता सांगाया येनारा कोटवाला माणूस त्यो. आमी ख्रिस्ती बाया पाटलाच्या हिरीपासनं लांब, कुणी पानी वाढंल म्हून खोळंबलेल्या. त्यो तितंच येशूच्या मायेचं गोड गोड सांगत हुता. पाटील हसून म्हनलं, "काय वं मास्तर, तुमचा येशू माजाबी न्याव करनार व्हय?"

"छे छे, आबा! त्ये आपलं आमच्या लोकांपुरतं हाय."

थू! दर आइतवारी आमच्याकडनं घोकून घेतो, देवानं येशूला जित्यांचा आन मेल्यांचा न्यायाधीश नेमलाय, त्ये समद्यास्नी सांगा. आन पाटलाफुडं शेपूट घातलं!

माज्या तोंडातनं निघून गेलं, "तुमचाबी करनार, आबा. आत्ताच त्याच्याकडं वळा, त्यो माफबी करतो."

तवा नुकतीच कुणी भरून दिलेली माजी घागर पालथी झाली. "जा, त्याच्याकडनंच आन पानी," गडी म्हनला.

उपदेशक पाटलाच्या गोठ्यातल्या, आमच्यासाठी येगळ्या ठिवलेल्या कपातनं च्या फुरकत हुता. माज्यावरच डोळं वटारून म्हनला, "बाई, आबांची माफी माग. म्हन, खोटं बोलले, म्हंजी पानी मिळंल."

पोर पान्यासाठी रडत हुतं. दुसरी हीर आमाला न्हवती. समद्या बाया माज्याकडं बघत हुत्या, आन खोटं तर मी बोलले न्हवते. तुमी माज्या जागी असता, तर काय केलं असतं?