साळूबाईंच्या घराचं दार

मेथीची जुडी निम्मी निवडून झाली होती, निम्मी वर्तमानपत्रावर पसरलेली होती, तेवढ्यात निशाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. छावणीतल्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, महिला संघाचा सगळा कारभार निशाताईंच्या हाती. बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "मोनिका, आपली मंडळी पिशोरला एका बाईला घर बांधून देतेय. गवंड्यानं भिंती उचलल्यात. पत्रे, गिलावा, कोबा आपण जाऊन करायचं. तू येतेयस."

"मी? मी काय करू तिथं?"

"स्वयंपाक कर, घमेली उचल. काहीतरी करशीलच की."

आतून मोनिकाचा नवरा शिवराज हसला. "न्या ताई, जरूर न्या. कॅलेंडरचा खिळा ठोकायला सांगितला तर भिंतीचा पोपडाच पाडला हिनं. अशी माणसं लागतातच घर बांधायला!"

मोनिकानं त्याच्याकडं एकदा डोळे वटारून पाहिलं आणि पुन्हा मेथी हातात घेतली. तसं तिचं बोलणं मोजकंच. उपासनेत गीतं मोकळ्या गळ्यानं गायची, पण मंडळीची सभा बसली की तोंडाला कुलूप. संध्याकाळच्या प्रार्थनेत तिनं देवाला एवढंच विचारलं, माझ्या हातून होईल का? आणि उत्तराची वाट न पाहता पिशवी भरायला घेतली.

ज्यांचं घर, त्या साळूबाई. वादळात त्यांचं झोपडं उडालं, तेव्हापासून दिराच्या गोठ्यात म्हशींशेजारी राहायच्या. मुलगा गोकुळ मजुरीला परगावी. मंडळीचे लोक उतरले तशा त्या हरखून गेल्या. पाणी भरून दे, वाळू चाळून दे, बाईच्या अंगात वारं संचारलेलं. आणि मोनिका? पहिल्या दिवशी तिनं भाजी केली, दुसऱ्या दिवशी घमेलं उचललं आणि तिसऱ्या दिवशी पुंडलिक गवंड्यानं तिच्या हातात थापी दिली. सिमेंटनं बोटं सोलवटली. तरी रोज भाकरी खाताना ती आपण गिलावा केलेल्या भिंतीसमोरच बसायची.

एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. साळूबाई घरात पाऊल टाकत नव्हत्या. घमेलं दाराशी ठेवायच्या. चहा द्यायचा झाला तरी घराला वळसा घालून खिडकीतून कप आत सरकवायच्या.

पत्रे चढले. दुसऱ्या दिवशी दुपारी घराच्या समर्पणाची प्रार्थना करून सगळ्यांनी निघायचं, असं ठरलं. त्याच दुपारी, बाकीचे जेवत असताना, हातपंपावर भांडी घासता घासता मोनिकानं विचारलं, "मावशी, एकदा आत येऊन तर बघा. तुमचंच घर आहे."

"बगितलं की माय भाईरून. लई झ्याक झालंय."

"मग आत का येत नाही?"

साळूबाईंनी राखेचा हात कढईवर दोनदा फिरवला. "देनाऱ्याला नावं ठिवू नाय. पर तुला सांगते. दार दक्षिणेला हाय. सून माहेरी बाळंत झालीया, बुधवारी लेकराला घिऊन यायचीया. पयलं पाऊल यमाच्या दारातनं कसं टाकू दिऊ?"

मोनिकाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आधी का नाही बोललात हो?"

"इचारलं कुनी?"

खरंच, कुणी विचारलं होतं? आराखडा काढला मंडळीचं बांधकाम बघणाऱ्या राजकुमारभाऊंनी, छावणीत बसून. रस्ता त्या बाजूला, म्हणून दारही त्या बाजूला. आपल्या लोकांत दिशा कोण बघतं?

"मग या घराचं काय करणार?"

"शेळ्या बांधीन. पत्र्याखाली कोरड्या तर ऱ्हातील."

मोनिका उठली ती थेट पंगतीत जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. राजकुमारभाऊंचा घास हातातच थांबला. "म्हणजे तयार भिंत फोडायची? मोनिकाताई, अंधश्रद्धेला खतपाणी घालायला आलोय का आपण? प्रभूला दिशा नसते."

"नसतेच," मोनिका म्हणाली. "मग दार पूर्वेला केलं तर त्याची काय हरकत?"

कुणीतरी खुदकन हसलं. राजकुमारभाऊ तापले. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

"भाऊ, तुमचं गारखेड्यातलं घर तयार झालं तेव्हा मंडळीचे पाळकसाहेब आजारी होते. आशीर्वादाच्या प्रार्थनेशिवाय तुम्ही महिनाभर चमचासुद्धा हलवला नाहीत त्या घरात. आम्ही कुणी हसलो का? मग या बाईनं आपल्या नातवासाठी एवढं मागितलं तर? आणि मागितलं तरी कुठं बिचारीनं! मीच खोदून काढलं. शेळ्यांसाठी बांधलं का आपण हे?"

एवढं लांब भाषण मोनिकानं आयुष्यात केलं नव्हतं. निशाताई तर ठसक्यानं खोकायलाच लागल्या.

राजकुमारभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. मग पुंडलिककडं वळले. "जमेल का रे?"

"जमंल की. पूर्वेची खिडकी काढायची, खालची भिंत फोडायची, तिथं चौकट बसवायची. हितलं दार कमरेपतोर बुजवून खिडकी हिकडं लावायची. पर समद्यांनी हात लावला तर उद्या दुपारपतोर व्हईल."

ताट तसंच ठेवून राजकुमारभाऊंनी घणाचा पहिला घाव घातला. मग काय विचारता! कुणी विटा झेलतंय, कुणी रेती कालवतंय, मध्येच निशाताईंनी गीत सुरू केलं आणि त्या चालीवर घमेली चालू लागली. गावातल्या चार बायका बघायला आल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी चौकट पूर्वेला ताठ उभी राहिली. बुजवलेल्या दारावर शेवटचा गिलावा मोनिकानं मारला. पुंडलिकनं त्यावर लाकडी पट्टी फिरवून पाहिली आणि नुसती मान हलवली. कुठंही हात लावायला लागला नाही!

साळूबाईंनी नव्या उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. मग राजकुमारभाऊंना म्हणाल्या, "आता तुमच्या देवाला बी सांगा, आमच्यावर ध्यान ठिव म्हनावं." राजकुमारभाऊंनी डोळे मिटले. साळूबाईंसाठी, सुनेसाठी, लेकरासाठी प्रार्थना केली. शेवटचं आमेन सगळ्यांनी मिळून म्हटलं, आणि त्यात एक आमेन साळूबाईंचंही होतं.

मग उजवा पाय उचलून त्या आत गेल्या. चारी भिंतींना हात लावला. मधोमध उभ्या राहून वळल्या आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या या सगळ्यांवर ओरडल्या, "भाईर काय हुबे ऱ्हायलात पावन्यावानी? आत या! च्या ठिवते!"

मोनिकानं चप्पल काढली आणि सगळ्यांच्या आधी आत शिरली.

चौकट हलवताना दाराची कडी तेवढी वाकली, ती काही केल्या सरळ होईना. सून तर बुधवारी येणार. म्हणून सोमवारी सकाळी मोनिकाला मोंढ्याच्या बाजारात जायचं होतं: नवी कडी घ्यायची आणि पिशोरच्या एसटीत कंडक्टरकडं द्यायची.