भोपळे खायला येणारी हरिणी

लोर्ना हुडाकला आमच्या गावात सगळे ओळखतात, पण हिवाळ्यात एका नजरेने आणि पानगळीत दुसऱ्या. हिवाळ्यात ती नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवायची, तेव्हा लोक खिडकीतून हात हलवायचे. पानगळीत ती धनुष्य घेऊन पार्कात हरणं मारायला निघते, तेव्हा तेच लोक पडदे ओढून घेतात. ट्रकवरून ती निवृत्त झाली. हरणांवरून तिला कोणी निवृत्त होऊ देईना.

हरणं आमच्याकडे उदंड झालीत. राहायला टेकडीवरच्या पार्कात आणि जेवायला आमच्या दारात. अंगणातली ट्यूलिप संपली की घेवडा, घेवडा संपला की कुंपणाची झुडपं. वर गाड्यांपुढे उड्या मारतात ते वेगळंच. शेवटी लोकांनी नगरपालिकेकडे अर्ज केला, की पार्कात शिकार सुरू करा. सही मीही केली, आणि उद्या कागद आला तर पुन्हा करीन. पण तो अर्ज घेऊन दारोदार फिरली ती माझी शेजारीण, मार्जरी पेल. तिच्या गुलाबांची नुसती खुंटं उरली होती आणि बाई पेटली होती.

भरवस्तीत बंदूक चालत नाही, म्हणून धनुष्य. झाडावरच्या मचाणातून खाली बाण मारायचा, म्हणजे चुकला तरी मातीत जातो. मोसमातली पहिली मादी चर्चच्या अन्नछत्राला द्यायची. आणि जखमी हरीण कुणाच्या परसात शिरलं, तर मालकाच्या होकाराशिवाय आत पाय ठेवायचा नाही. ठेवला, तर परवाना गेला. हे नगरपालिकेचे नियम. त्यावर लोर्नाचा स्वतःचा एक, कोळशाच्या खाणीत राबलेल्या तिच्या बापाने घालून दिलेला: जखमी जनावर मागे टाकून घरी यायचं नाही.

तिला या सगळ्याचा वीट आला होता. उजवा खांदा कामातून गेला होता. धनुष्य ताणताना कुरकुर वाजतो म्हणायची.

"मारायला क्षण लागतो," ती मला एकदा म्हणाली, "आणि ओढत आणायला अख्खी सकाळ. रस्त्यात कोणी भेटलं तर ते आभाळाकडे बघतं."

"मग सोड की."

"सोडते. मग कोण जाणार? तो पेट्रोल पंपावरचा शहाणा? तो पोटात बाण मारतो आणि घरी जाऊन सूप पितो."

ती दर पानगळीत मचाणावर चढत राहिली.

त्या वर्षी मार्जरीचा नवरा हॅरल्ड वृद्धाश्रमात गेला. तो बायकोला ओळखेनासा झाला होता. घरात ती एकटी. भुतांचा सण झाला की आम्ही कोरलेले भोपळे मागच्या गवतावर टाकून देतो, तसे तिनेही टाकले. ते खायला एक हरिणी येऊ लागली, एक कान फाटलेली. मार्जरी दुपारची कॉफी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची आणि तिच्याशी बोलायची. आपले भोपळे संपले तेव्हा माझे मागून नेले. मी हसलो. गुलाबांवरून रान पेटवणारी बाई हरणाला जेवायला घालत होती.

त्या शनिवारी मी पानं गोळा करत होतो. टेकडीवरून काहीतरी धडपडत आलं, मार्जरीच्या कुंपणावरून कसंबसं आत पडलं आणि भोपळ्यांच्या सालींपाशी येऊन बसलं. फाटक्या कानाचीच होती. बरगड्यांच्या मागे बाण रुतलेला. मान वर होती, तोंडातून फेस येत होता. जिथे तिला कधी कोणी हाकललं नाही, तिथेच ती आली होती.

मागोमाग लोर्ना टेकडी उतरली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"खांदा निसटला," ती मला म्हणाली. "मागे लागला बाण. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं रे." मग तिने फाटकाशी उभं राहून हाक मारली, "मार्जरी! आत येऊ दे."

मार्जरी दार उघडून पायरीवर आली. "खबरदार पाऊल टाकलंस तर! पोलिसांना बोलावीन."

"बोलाव. पण आधी मला येऊ दे. अशी ती तासन्‌तास मरेल."

"तूच मारलंस ना? आता दया येते होय गं तुला?"

मला राहवेना. "मार्जरी, तो अर्ज घेऊन माझ्या दारात कोण आलं होतं?"

"तू मध्ये तोंड घालू नकोस!" ती ओरडली, आणि मग तिचा आवाज फुटला. "मी हरणांबद्दल सही केली होती. हिच्याबद्दल नाही."

हरिणीने उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय उठेनात. लोर्नाचा हात फाटकाच्या कडीवर होता. ती सहज आत गेली असती, मी काही साक्ष द्यायला जाणार नव्हतो. पण ती गेली नाही. कडीवरचा हात तिने काढून घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "नाव काय ठेवलंयस तिचं?"

मार्जरी म्हणाली, "टिली."

"टिलीला फार दुखतंय गं, मार्जरी."

मार्जरी पायऱ्या उतरली. कडी तिनेच काढली. लोर्ना गुडघ्यांवर बसली, एका हाताने हरिणीचे डोळे झाकले आणि दुसऱ्या हातातल्या सुरीने काम संपवलं. मार्जरीने तोंड फिरवलं नाही. ती मोसमातली पहिली मादी होती, म्हणून टिली अन्नछत्रात गेली.

पुढच्या पानगळीत नगरपालिकेच्या बैठकीत सगळे लोर्नाच्या मागे लागले, की यंदाही ये. तुझ्यासारखी नेमबाज दुसरी नाही वगैरे. लोर्ना जागेवरून उठलीसुद्धा नाही.

"नेम गेला माझा," ती म्हणाली. "दुसरा चांगला माणूस तयार होईपर्यंत येते, पण अगदी जवळ आल्याशिवाय बाण सोडणार नाही. आणि ज्यांनी सह्या केल्यात, त्यांच्यातलं कोणीतरी रोज बरोबर हवं. बघायला आणि ओढायला."

सभागृहात खुर्च्या तेवढ्या करकरल्या. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला नातवंडं होती. माझी पाठ खरंच दुखते.

मोसमातल्या पहिल्या शनिवारी उजाडताना मी दूध आणायला बाहेर आलो, तर लोर्ना मार्जरीच्या फाटकाशी थांबलेली. मार्जरी घरातून बाहेर आली. हॅरल्डचे बूट घातले होते, दोन मोजे चढवूनही ढिले. गुड मॉर्निंग वगैरे काही नाही. तिने लोर्नाच्या हातातला हरीण ओढायचा दोर घेतला आणि दोघी टेकडी चढायला लागल्या.